गॅस कुठं गेला

हसायला सुरुवात शिवप्पानं केली होती, पण वाक्य मालकांचं होतं. परवा दुपारी, गाडीतल्या थंडीच्या मशिनचा गॅस संपल्याचं कळल्यावर, नवी पेठेतल्या आपल्या कापडदुकानाच्या पायरीवर उभं राहून, पान गालात सारत गुरुबसप्पा म्हणाले होते, "गॅस गेला कुठं म्हणून काय विचारता? आमच्या मैनुद्दीनच्या पोटात गेला. मी हितं गादीवर घाम पुसतोय आन् हा तितं चिंचेखाली गाडीत थंडी लावून घोरतोय." शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचा शिवप्पा आधी हसला. मग आतले दोघे गुमास्ते हसले. मग साडी बघायला आलेली एक बाई हसली, जिला गाडीची, गॅसची आणि मैनुद्दीनची काहीच माहिती नव्हती. "बघा की, सगळ्या सोलापुरात एकट्या ह्यालाच घाम येईना," शिवप्पानं पुढं जोडलं आणि सगळे पुन्हा हसले. ड्रायव्हर मैनुद्दीनही हसला. आता सगळ्यात जास्त तेच त्याला खुपत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धरून हसवलं नव्हतं. मालक बोलले आणि चेहरा आपोआप पसरला. मग मालक पायरी उतरले, त्यानं मागचं दार उघडून धरलं, आणि आत बसता बसता, आवाज खाली आणून, अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "खरं सांग, लावतोस काय रे कधी? मी काय रागवत नाही." तो म्हणाला, "न्हाई मालक." ते म्हणाले, "बरं बरं." हे ‘बरं बरं’ त्याच्या डोक्यात तेव्हापासून फिरत होतं. ज्याचा विश्वास बसतो तो माणूस गप्प बसतो, नाहीतर दुसरं काही बोलायला लागतो. ‘बरं बरं’ म्हणून खिडकीबाहेर बघत नाही.

आता तो हिंदुरावच्या शेडमध्ये उभा होता. बर्फाच्या कारखान्यामागं ही पत्र्याची शेड. गावात ज्याला ज्याला थंडी हवी असते तो हिंदुरावकडं येतो: थिएटरवाले येतात, औषधाच्या दुकानांचे फ्रीज येतात, आणि थंडीची मशिन असलेल्या गावातल्या दोन-चार गाड्या. गुरुबसप्पांची डॉज त्यातली सगळ्यात लांब. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या साहेबानं वापरून सोडलेली, फिकट निळी, पुढच्या जाळीवर आरशासारखा चकचकीत मुलामा. दुष्काळ संपला त्या साली मालकांनी ती आणली, आणि मैनुद्दीन त्यांचा जुना ड्रायव्हर असल्यामुळं तीही त्याच्याकडं आली. हिंदुराव सकाळपासून तिच्या पुढ्यात वाकला होता. मोठा देह, बनियनवर, खांद्यावर ओला पंचा आणि तोंड सतत चालू. थिएटरच्या मॅनेजरचं बायकोशी कसं पटत नाही, बर्फाच्या कारखान्यात कोण कुणाचा पाव्हणा आहे, हे सगळं तो पाने फिरवता फिरवता सांगत होता. त्यानं नळ्यांचे सांधे सोडले तेव्हा आतून तेल गळालं. काळं. मैनुद्दीननं गाडीची तेलं आयुष्यभर बघितली होती, पण हे तेल मध्येच आंबट वास मारत होतं.

"गॅस संपला की आत हवा शिरती," हिंदुराव म्हणाला. "हवेतनं पाणी. पाण्यानं सगळं सडतं. आता धुवायला लागणार."

"पण संपला कसा?"

"ते मागनं बघू. आधी धुवू."

मैनुद्दीनला वाटलं, ह्याला दोन्ही हातांनी धरून हलवावं. ह्याच्यासाठी ते मागनं बघायचं होतं. हिंदुरावनं एका टोकाला पातळ औषध ओतलं, त्यामागं सिलिंडरमधली कोरडी हवा लावली, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाखाली पत्र्याचा डबा धरायला मैनुद्दीनला सांगितलं. नळी एकदम खोकली आणि डब्यात काळं पाणी आदळलं. शिंतोडे त्याच्या खाकी शर्टावर उडाले. औषधाला गोडसर वास होता, दवाखान्यात सुई टोचायच्या आधी येतो तसा, आणि तो कपाळामागं जाऊन बसत होता. पुन्हा औषध, पुन्हा हवा. काळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं पिवळं. दर वेळी डबा उचलून हिंदुराव उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "अजून." मैनुद्दीन त्या डब्यात बघत होता आणि त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता: हे सगळं आतून निघालं, मग ह्यात कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे की मी काही केलं नाही. पण काळ्या पाण्यात काही दिसत नव्हतं. मशिन कुणी चालवली, किती वेळ चालवली, कुणासाठी चालवली, ह्याची त्यात खूण नव्हती. घाण निघून गेली की नळीही कोरी होणार होती, आणि मग तर तिला काहीच आठवणार नव्हतं.

काल रात्री जेवताना त्यानं सायराबानूला सांगितलं होतं. तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "हँसे तो हँसे. पगार तो देते ना?" त्यानं ताट सरकवलं. तिचं चुकलं नव्हतं. ईदला मालक मुलांना कापड देतात, दुकानातलं, चांगलं. तिच्या बाळंतपणात त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी दिली होती. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं मैनुद्दीनला वाटलं. वाईट माणसाचा राग करायला सोपं जातं, रस्त्यातल्या दगडाला लाथ मारावी तसं. हा माणूस हसून बोलतो, पाठीवर हात ठेवतो, आणि बोलता बोलता सहज चोर म्हणून जातो. आणि चोर म्हटलं हे त्याचं त्याला कळत नाही. काय कळायचं? त्याच्या दृष्टीनं ती चोरीही नव्हती. पोरानं डब्यातला लाडू खाल्ला, एवढंच. मैनुद्दीन पन्नाशीला आला होता. त्याच्या दाढीत पांढरे केस होते. आणि तो लाडू त्यानं खाल्ला नव्हता.

दुपार चढली तेव्हा नळ्यांतून स्वच्छ पाणी यायला लागलं. हिंदुरावनं सांधे पुन्हा आवळले, आतली हवा पंपानं ओढून घेतली आणि परीक्षेपुरता थोडासा गॅस भरला. मग एका लाकडी पेटीतून त्यानं पितळेचा एक छोटा दिवा काढला. दिव्याच्या डोक्याला तांब्याची चकती होती आणि बाजूनं एक लांब रबरी नळी लोंबत होती. "हा आपला पंच," हिंदुराव म्हणाला. "नळीचं तोंड जितं न्यावं तितली हवा हा ओढून घेतो. हवा साफ असली तर ज्योत निळी राहती. जरा जरी गॅस असला तर हिरवी. ह्याच्याजवळ वशिला न्हाई." त्यानं दिवा पेटवला. चकती तापून लाल झाली. आणि ज्योत हिरवी झाली. हिंदुरावनं नळी गाडीपासून लांब नेली, भिंतीकडं धरली; ज्योत हिरवीच. दाराकडं धरली, हिरवी. तो मोठ्यानं हसला. "सगळी शेडच गळती की हो! त्या औषधाचा वास ह्यो. त्यानंबी हिरवी होती. थांबा, जरा वारं खेळू द्या." त्यानं दिवा विझवला, दोन्ही दारं सताड उघडली आणि विडी ओढायला बाहेर गेला.

तेवढ्यात मालक आले. टांग्यातून उतरले, धोतराचा सोगा हातात, डोक्यावर ओला रुमाल. गुमास्त्यांच्या भरवशावर दुकान सोडून ते भर दुपारी इथं आले होते, म्हणजे त्यांनाही ह्या गोष्टीची काळजी होती. पण कशाची, ते मैनुद्दीनला कळेना. गॅसची की त्याची? हिंदुरावनं खुर्ची दिली. मालक बसले, खुर्ची कुरकुरली. "अबब," ते म्हणाले, "भट्टी हाय का शेड? थंडी विकणारा माणूस असा बसतो व्हय?" हिंदुराव म्हणाला, "हलवाई गोड खात न्हाई, मालक." दोघं हसले. मग मालक मैनुद्दीनकडं वळून म्हणाले, "जेवलास काय रे?" त्यानं हो म्हणून मान हलवली. तो जेवला नव्हता. पण ह्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचीही आज त्याची तयारी नव्हती.

"आता दारं लावायची," हिंदुराव म्हणाला. "वारा नको, पंखा नको, विडी नको. जरा कुणी रुमाल हलवला तरी गॅस उडून जातो आन् दिवा फसतो." दारं लागली. मे महिन्यातला पत्रा वरून तापत होता, आणि शेडमधली हवा हळूहळू इतकी जड झाली की श्वास ओढायला खांदे उचलावे लागत होते. घाम मैनुद्दीनच्या कानामागून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरला. येऊ दे, त्याला वाटलं, बघू दे मालकांना, ह्याला घाम येतो. मग ह्या विचाराचाच त्याला संताप आला. आपण आता घामसुद्धा पुरावा म्हणून दाखवायला लागलो. हिंदुराव नळीचं तोंड सांध्यापाशी धरत होता, मिटल्या ओठांनी, आता तोही बोलत नव्हता. पहिला सांधा: निळी. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी: निळी. त्याच्या खाली: निळी. गाडीच्या आत, पायांजवळच्या जाळीपाशी: निळी. दर वेळी मैनुद्दीनचे डोळे त्या ज्योतीवर जात आणि तो मनात म्हणे, हो हिरवी. हो. दुसऱ्याच्या गाडीत भोक पडावं म्हणून तो दुवा मागत होता.

मागच्या उन्हाळ्यात हीच हवा होती. विजापूर वेशीजवळच्या त्याच्या घरावरही पत्राच आहे. सरदारबीला, त्याच्या आईला, ऊन लागलं तेव्हा ती खाटेवर नव्हती, जमिनीवर निजली होती, कारण जमीन जरा गार लागते. अंग तापलेलं, जीभ कोरडी, आणि डोळे अर्धे उघडे. ती म्हणाली होती, "बेटा, तेरी गाडी में ठंडा रहता ना? मेरेकू उसमें ले चल." गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. किल्ली त्याच्या खिशात होती. मालकांना स्टेशनवरून आणायचं होतं, रेल्वेची वेळ होत आली होती. तो म्हणाला होता, "मालक की है अम्मा." बस्स, एवढंच. ती पुन्हा बोलली नाही. हट्ट करायची तिची सवयच नव्हती. त्यानं शेजारच्या पोराला टांगा आणायला धाडलं, सायराबानू तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, आणि तो स्टेशनवर गेला. मालक आले, आत बसले, मशिन लावायला सांगितली, आणि घरी पोचेपर्यंत डोळे मिटून त्या थंडीत पडून राहिले. त्यानं त्यांना सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ते नक्की म्हणाले असते, अरे, मग न्यायची की गाडी, वेडा का काय तू. ते तसं म्हणाले असते हे त्याला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच त्यानं सांगितलं नाही. अम्मा त्या आठवड्यातच गेली. ज्या थंडीला त्यानं आपल्या मरणाऱ्या आईलाही शिवू दिलं नाही, ती थंडी म्हणे तो चिंचेखाली घोरत प्याला. आणि शिवप्पा हसला. आणि साडी बघायला आलेली बाई हसली.

"झालं," हिंदुराव म्हणाला. त्याचा आवाज बंद शेडमध्ये दबका आला. "सगळे सांधे बघितले, मालक. गळती न्हाई."

मालकांनी रुमालानं मान पुसली. "म्हणजे भोक न्हाई."

"दिव्याला तर दिसंना."

"मग गॅस गेला कुठं?" हे ते हिंदुरावला विचारत होते, पण बघत होते मैनुद्दीनकडं. रागानं नाही. थकून, जरासं हसून, पोराचा हट्ट कधी संपणार अशा नजरेनं. "मैनुद्दीन, उन्हाळा सगळ्यांनाच हाय बाबा. लावली असशील एखाद वेळी तर सांगून टाक, म्हणजे ह्या हिंदुरावचा बी जीव सुटंल."

मैनुद्दीनकडं उत्तरं एक सोडून दहा तयार होती. मालकांकडं बघवेना म्हणून त्यानं दुसरीकडं बघितलं. हिंदुराव बॉनेटला टेकून उभा होता, दिवा अजून हातात, आणि रबरी नळी त्याच्या हातातून सुटून गाडीच्या पुढच्या जाळीवर लोंबत होती. त्यानं आता तोंड मोकळं सोडलं होतं, थिएटरची मशिन एकदा अशीच कशी फसवत होती ते मालकांना सांगत होता. आणि त्याच्या हातातली ज्योत हिरवी होती.

ती हिरवी राहते का, हे मैनुद्दीनला आधी बघायचं होतं. राहिली. ज्वारीच्या कोवळ्या पानासारखी स्वच्छ हिरवी, जराही न हलता.

"हिंदुराव," तो म्हणाला, "ज्योत बघा."

हिंदुरावनं बघितलं, शिवी हासडली आणि खाली वाकला. नळीचं तोंड त्यानं जाळीवर इकडून तिकडं फिरवलं. एका जागी ज्योत भडकून हिरवी व्हायची, हातभर बाजूला नेली की निळी. त्या जागी जाळीतून एक वाळलेलं लिंबू, चार मिरच्या आणि एक काळा बिबा लोंबत होता. अमावस्येला बांधलेला. हिंदुरावनं आत बोटं घातली, साबणाचा फेस लावला, आणि वाकून बघत राहिला. फेसात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, दुसरा आला. "हात तिच्या," तो म्हणाला. "सांध्यात बघत होतो की मी. भोक सांध्यात असतं. मधल्या कोऱ्या पायपात कोण बघतो? ही लिंबाची तार बघा. लोखंडी. पायपालाच गुंडाळलीया. गाडी हादरती, तार घासती. करवतीनं कापावं तसं कापलंय."

मैनुद्दीन वाकला नाही. त्याला बघायची गरज नव्हती. ती तार कशी बांधतात ते त्यानं दर अमावस्येला बघितलं होतं. जाळीचा मुलामा खरवडू नये म्हणून मालक हात आत घालायचे, आणि आतल्या एका बारीक दांडीला तार गुंडाळून पिळायचे, चांगली आवळून. ती दांडी म्हणजे गॅसची नळी, हे त्यांना माहीत नव्हतं. मैनुद्दीनलाही माहीत नव्हतं, कारण त्याला तेव्हा गाडीजवळ उभंच राहू देत नसत. काशम्मा, मालकांच्या आई, ओसरीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि सांगायच्या की दृष्टीचं लिंबू मालकाच्या हातानंच बांधायचं, दुसऱ्याच्या हाताचं लागू पडत नाही, आणि मग मैनुद्दीनकडं न बघता, "त्याला जरा बाजूला हो म्हण." तो बाजूला व्हायचा. फाटकापाशी जाऊन, लांबून बघत. दर अमावस्येला, गाडी आली त्या दिवसापासून.

मालक खुर्चीतून उठून आले होते. वाकून त्यांनी ती तार बघितली, हिंदुरावच्या बोटाशी येणारे बुडबुडे बघितले. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, "मैनुद्दीन, एवढी आवळून बांधतात काय रे?"

मैनुद्दीननं मालकांच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. त्यात लबाडी नव्हती. ते खोटं बोलत नव्हते. हाच सगळ्यात भयंकर भाग होता: त्यांना खरंच वाटत होतं की ती तार मैनुद्दीननं बांधली असणार. दार मैनुद्दीन उघडतो, काच मैनुद्दीन पुसतो, चाक मैनुद्दीन बदलतो. गाडीला हातानं काही केलेलं असलं तर ते मैनुद्दीननंच. स्वतःचे हात त्यांना आठवतच नव्हते.

"मी न्हाई बांधत, मालक," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा हळू आला. "तुमी बांधता. मला तितं उभं बी राहू देत न्हाई."

मालकांनी डोळे बारीक केले. आठवायला त्यांना वेळ लागला. मग ते हसले, मान हलवत, मनापासून. "अरे हो की. माझंच काम ह्ये. आईचं खूळ." त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "होगली बिडु. सापडलं ना, झालं मग." होगली बिडु, म्हणजे जाऊ दे, सोड. कानडी त्याला चांगलं कळत होतं. काय सोडायचं होतं ते मात्र मालकांनी सांगितलं नाही. ते हिंदुरावकडं वळून विचारत होते, संध्याकाळपर्यंत होईल का, उद्या अक्कलकोटला लग्न आहे, आणि पाव्हण्यांत ही गाडी गरम घेऊन जायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखं.

संध्याकाळपर्यंत झालं. हिंदुरावनं नळीवर डाग दिला, पंप लावून ठेवला, पुन्हा दिवा फिरवला. ज्योत सगळीकडं निळी. मग गॅस भरला. मैनुद्दीननं इंजिन चालू केलं, मशिनचं बटण फिरवलं, आणि जाळीतून आधी कोमट, मग गार, मग बोटं आखडतील अशी हवा आली. ती त्याच्या घामेजल्या शर्टावर पडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. मालक मागं बसले. काचा वर झाल्या. बाहेरचा आवाज तुटला. "आहा," मालक म्हणाले, "स्वर्ग रे स्वर्ग. चल, घरी."

गाडी निघाली. दिवसभर ज्या गोष्टीची तो वाट बघत होता ती झाली होती. भोक सापडलं होतं, त्याचं कारण सापडलं होतं, मालकांनी ‘माझंच काम’ असं तोंडानं म्हटलं होतं. मग राग का उतरत नव्हता? तो गाडी चालवत होता आणि रागाला आत कुठंतरी शोधत होता, हिंदुराव नळी फिरवत होता तसा. मालकांवर? होता. काशम्मांवर? जरा. स्वतःवर? पुष्कळ. पण ज्योत खरी हिरवी होत होती ती ह्यापैकी कुठंच नाही. ती त्या पायरीपाशी होत होती. शेडमध्ये हिंदुराव सोडून कुणी नव्हतं. खोटं भर पेठेत बोललं गेलं होतं आणि खरं पत्र्याखाली, दारं लावून. नवी पेठेच्या लेखी अजून तो चिंचेखाली घोरतच होता. उद्याही घोरणार, परवाही. शिवप्पा त्याला बघून विचारणार, काय मैनुद्दीन, आज घाम आला का? घरी जायचं वळण आलं. त्यानं गाडी उलट्या बाजूला वळवली.

"इकडं कुठं?" मालक म्हणाले.

"दुकानात."

"दुकानात काय काम हाय आता?"

"माझं हाय."

मालक जरा पुढं झाले. आरशात त्यांचे डोळे त्याला दिसले, त्यात अजून राग नव्हता, नुसतं नवल. नवी पेठेत बाजाराची गर्दी होती. सायकली, टांगे, मुलांना ओढत नेणाऱ्या बायका. गाडी पावलापावलानं पुढं सरकत होती आणि लोक वाकून बंद काचांमधून आत बघत होते. दुकानासमोर, पायरीच्या अगदी पुढं त्यानं ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. मागचा टांगा थांबला. त्यामागचा थांबला.

"परवा हितं बोललात, मालक," तो पुढं बघत म्हणाला. "आता हितंच बोला. भोक होतं, आन् तार तुमी बांधली होती."

"अरे वेडा का काय तू? रस्ता अडलाय."

"अडू दे."

"मैनुद्दीन, गंमत केली मी. गमतीचं कुणी एवढं—" तोवर शिवप्पा आपल्या दुकानातून उठून आलाच होता. त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. मालकांनी मैनुद्दीनच्या मानेकडं बघितलं, मग काच खाली केली. बाहेरची धग आत शिरली.

"काय मालक, झाली का थंडी?" शिवप्पानं वाकून विचारलं. गुमास्ते पायरीवर आले. "मग गॅस गेला कुठं, कळलं का?"

मैनुद्दीनला मागं वळून बघता आलं असतं; त्यानं बघितलं नाही. "भोक होतं," मालक शेवटी म्हणाले. "पुढच्या नळीला. लिंबाची तार मी बांधली होती, ती घासून पडलं. मैनुद्दीनचं काय न्हाई त्यात." ते स्पष्ट म्हणाले. गुमास्त्यांना ऐकू जाईल असं. ह्यापेक्षा जास्त कुणी काय म्हणणार होतं?

शिवप्पाचे गाल फुगले. "म्हणजे तुमच्याच लिंबानं तुमची थंडी खाल्ली म्हणा की! आन् आमी ह्या बिचाऱ्याच्या पोटावर आळ घेतला! मैनुद्दीन, आता तरी एखाद दिवस लावून घोर की रे, हक्कानं!" आणि तो हसला, गुमास्ते हसले, मागच्या टांगेवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं आणि कुणीतरी सांगितल्यावर तोही हसला. मालकही हसले, सुटल्यासारखे. तेच हसू होतं. खोट्याला जे आलं होतं तेच खऱ्याला आलं. त्यांना दोन्हींत फरकच नव्हता.

मैनुद्दीननं दार उघडलं आणि तो रस्त्यावर उतरला. इंजिन चालू होतं. तो शिवप्पासमोर जाऊन उभा राहिला, इतका जवळ की शिवप्पाच्या तोंडाचा सुपारीचा वास त्याला आला.

"हसू नका," तो म्हणाला.

"अरे, गंमत—"

"न्हाई. हसू नका." ह्या वेळी ते पेठेच्या त्या तुकड्यात सगळ्यांनी ऐकलं. एका गुमास्त्यानं हातातल्या कापडाची उगीच घडी केली. टांगेवाला घोड्याकडं बघायला लागला. गाडीची मशिन तेवढी घुमत राहिली, उघड्या दारातून थंडी रस्त्यावर सांडत.

"मैनुद्दीन," आतून मालक म्हणाले. आवाजात आता हसू नव्हतं, माया नव्हती. होता तो कोरडा हुकूम, आणि तो त्यानं त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकला. "गाडी काढ."

उद्या अक्कलकोटला दुसरा कुणीतरी गाडी नेणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. सायराबानू काय म्हणेल तेही दिसत होतं. त्यानं गाडी काढली नाही. शिवप्पा त्याच्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, हे मैनुद्दीन सावकाश, पुरतं बघून घेत होता.